प्रत्यक्ष गायनासाठी मायक्रोफोनची निवड : डोंबिवलीतील दिवाळी पहाटेच्या संदर्भात

डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरील दिवाळी पहाट आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन यांना एकाच प्रकारचा मायक्रोफोन चालेल, ही समजूत योग्य नव्हे. कंडेन्सर प्रकार, ज्यास बहुधा 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, बंदिस्त सभागृहात गायकापासून वीतभर दूर ठेवूनही सूक्ष्म स्वर टिपतो. रस्त्यावर त्याच अंतरात गर्दीचा कोलाहल शिरतो. तेथे 1966 मध्ये बाजारात आलेल्या शुअर एसएम 58 सारखा डायनॅमिक, कार्डिऑइड मायक्रोफोन ओठांजवळ असणे श्रेयस्कर. तो पाठीमागचा ध्वनी कमी घेत असल्याने मॉनिटर नेमका त्याच्या मागील दिशेस ठेवावा. अडचण होते ती बैठकीत गाणाऱ्याची. तानेच्या ओघात मान वळली, की जवळिकीमुळे लाभलेला मंद्र स्वरांचा भरदारपणा प्रथम ओसरतो. भरपाईसाठी ध्वनी वाढविल्यास फीडबॅकची शिट्टी वाजते, आणि दोष मात्र गायकाच्या गळ्यास दिला जातो.