जड मोटर आणि होडीचा तोल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणच्या किनाऱ्यावर लहान होडीला आउटबोर्ड मोटर बसविण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. आणि जुनी टू-स्ट्रोक मोटर झिजली की तिच्या जागी इंधनाची बचत करणारी व धूर कमी सोडणारी फोर-स्ट्रोक मोटर घ्यावी, आणि घ्यायचीच तर थोड्या अधिक अश्वशक्तीची घ्यावी, असा विचार करणाऱ्या मच्छीमाराला कोणी दोष देणार नाही. परंतु १५ अश्वशक्तीची जुनी मोटर साधारण ३६ किलोंची असते, तर २५ अश्वशक्तीची नवी ६० किलोंच्या घरात जाते. शिवाय ती बटणावर चालू होणारी असली तर १५-१६ किलोंची बॅटरीही बहुधा पिछाडीलाच येऊन बसते. अशा रीतीने होडीच्या ज्या टोकाचा काठ मुळात सर्वांत बुटका, त्याच टोकावर एकाएकी ४० किलोंचा जादा भार येतो. या भाराविषयी जे समज प्रचलित आहेत, त्यांतील काही जिवावर बेतू शकणारे असल्यामुळे त्यांची तपशीलवार छाननी करणे अगत्याचे वाटते.

गैरसमज पहिला : पिछाडी दबली, तर नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, वाळूची पोती टाकावीत, तोल आपोआप सावरतो.

वस्तुस्थिती : पोती टाकल्याने होडी आडव्या रेषेत दिसू लागते हे खरे, पण भार कमी न होता वाढतो. पाच मीटर लांबीची सर्वसाधारण होडी दर ५० किलोंमागे सुमारे एक सेंटिमीटर खोल बसते, म्हणजे पाण्यापासून काठाची जी उंची हे होडीचे खरे संरक्षण, तेच आपण आपल्या हाताने कमी करतो. त्यातून दोन्ही टोके जड झालेली होडी लाटेवर चटकन उचलली जात नाही. तिची नाळ लाटेत घुसते, आणि न बांधलेली पोती ऐन वेळी घसरतात ती निराळीच. कावड वाहणारा मनुष्य मागची घागर जड लागली म्हणून पुढच्या घागरीत पाणी ओतीत नाही, खांद्यावरची दांडी सरकवितो; होडीच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

तो कसा, हे एका उदाहरणाने पाहू. होडी ज्या बिंदूभोवती पुढेमागे कलते, तो मागच्या फळीपासून सव्वादोन मीटर पुढे आहे असे धरू. मोटरीचे जादा २४ किलो फळीबाहेर, त्या बिंदूपासून अडीच मीटरांवर लटकतात. २४ गुणिले अडीच म्हणजे ६०. बॅटरीचे १६ किलो दोन मीटरांवर, म्हणजे ३२. एकूण बोजा ९२ चा. आता बॅटरी त्या मध्यबिंदूवर आणून बसविली की ३२ वजा झाले; भरलेली २५ लिटरांची पेट्रोलची टाकी, जिचे वजन सुमारे २२ किलो भरते, दीड मीटर पुढे नेली की ३३ गेले; आणि पिछाडीला पडलेला १८ किलोंचा नांगर व दोरखंड तितकाच पुढे सरकविला की उरलेले २७ही फिटले. एक किलोही न वाढविता हिशेब पुरा झाला. टाकी मात्र रिकामी होत जाते, म्हणून तिच्या एकटीवर भिस्त ठेवू नये. बॅटरी पुढे नेताना वायर लांबते, तेव्हा ती जाड घ्यावी. आणि हलविलेली प्रत्येक वस्तू पक्की बांधावी.

गैरसमज दुसरा : मोटरीचा कोन बदलला की पिछाडी उचलली जाते, वेगळी तजवीज नको.

वस्तुस्थिती : मोटर फळीच्या बाजूला आत घेतली की नाळ खाली येते आणि बाहेर काढली की वर उठते, हे निर्विवाद आहे, परंतु हा परिणाम पंख्याच्या रेट्याचा असून तो पंखा फिरत असेपर्यंतच टिकतो. मोटर बंद करून जाळे ओढताना, म्हणजे दोघे-तिघे एकाच बाजूला ओणवे झालेले असताना, कोनाचा काडीइतकाही उपयोग नसतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, वेगात असलेल्या होडीची मोटर एकदम बंद केली असता तिनेच मागे उठविलेली लाट तिला गाठते आणि दबलेल्या फळीवरून आत शिरते. म्हणून वेग नेहमी क्रमाक्रमाने उतरवावा.

गैरसमज तिसरा : उलांडी असलेली होडी जड मोटरीला भीत नाही.

वस्तुस्थिती : उलांडी, म्हणजे होडीच्या कुशीला जोडलेला तरंगता ओंडका, होडीला आडवे कलंडू देत नाही, तिचे सामर्थ्य कुशीच्या तोलापुरते आहे. पिछाडीच्या बुडण्याला ती प्रतिबंध करू शकत नाही, आणि अशा होडीचे अंग मुळातच अरुंद असल्यामुळे तेवढ्याच वजनाने तिची पिछाडी रुंद होडीपेक्षा अधिक खोल जाते.

गैरसमज चौथा : तळाशी थोडे पाणी साचले तर बिघडत नाही, किनाऱ्यावर गेल्यावर उपसता येते.

वस्तुस्थिती : सर्व अनर्थांचे मूळ बहुधा येथेच असते. होडी मागे कललेली असली की आत आलेले सारे पाणी पिछाडीला धावते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोंचा भार मोटरीशेजारी येऊन उभा राहतो, त्याने फळी आणखी खाली जाते आणि पुढच्या लाटेला वाट मोकळी होते. शिवाय हे पाणी होडी कलेल त्या कुशीला वाहते आणि कल वाढविते. खाडीच्या मुखाशी, जेथे ओहोटीचा प्रवाह आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तेथे पाठीमागून येणारी एकच लाट हे चक्र सुरू करण्यास पुरेशी असते. उपसणे हे परतल्यावरचे काम नव्हे, ते सफरीतले नित्यकर्म आहे.

गैरसमज पाचवा : धक्क्याला बांधलेली होडी सरळ दिसली, म्हणजे परीक्षा झाली.

वस्तुस्थिती : रिकाम्या होडीची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा समुद्रावर जाण्याआधी, खाडीच्या संथ पाण्यात, टाकी भरून, जाळे व बर्फ ठेवून, तांडेल आणि खलाशी आपापल्या जागी बसवून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांशी पाण्यापासून काठापर्यंतची उंची फूटपट्टीने मोजावी. मग दोघांना पिछाडीच्या एका कोपऱ्यात उभे करून तीच उंची पुन्हा मोजावी, कारण जाळे अडकले की प्रत्यक्षात असेच घडते. जुन्या मोटरीची मापे आधी टिपून ठेवलेली असली तर तुलना हुकमी होते. मोटरीचा दांडा धरणारा एका कुशीला बसत असल्यामुळे दोन कोपऱ्यांत फरक दिसेल. तो सामान दुसऱ्या कुशीला ठेवून भरून काढावा. आणि मागची फळी एवढे वजन व एवढा रेटा सोसण्याजोगी मजबूत आहे की नाही, याचा निर्वाळा होडी बांधणाऱ्या सुताराकडून वा कारखान्याकडून घ्यावा.

एवढे करूनही काठ पुरेसा उंच राहत नसेल, तर ती मोटर त्या होडीची नव्हे, हे निःसंकोच मान्य करून हलकी मोटर घ्यावी. भाराला उत्तर भाराने नव्हे, स्थानाने द्यायचे असते. आणि जेथे स्थान बदलूनही भागत नाही, तेथे भार उतरविण्यावाचून दुसरा मार्ग नाही. मोटर निवडताना अश्वशक्तीइतकेच लक्ष जो तिच्या वजनाकडे देईल, त्याच्या होडीतील माणसे अधिक सुरक्षित राहतील.