कागदावरचं नाव आधी कुठे दुरुस्त करायचं?

पीएफच्या क्लेमचा अर्ज भरून झाला, पासबुकची प्रत जोडली, मृत्यूचा दाखला जोडला आणि काही दिवसांनी उत्तर आलं, ‘नाव जुळत नाही.’ नवऱ्याच्या ऑफिसच्या कागदावर बायकोचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव. बाई एकच, पण संगणकाच्या दृष्टीने तिघी. अशी उत्तरं अनेक घरांत येतात आणि नेमकी पैशांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच येतात, कारण एरवी हे कागद कुणी एकमेकांशेजारी ठेवून बघत नाही.

आपल्या नावांची तऱ्हाच अशी आहे की चुका होणारच. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. महाराष्ट्रातल्या जुन्या कागदांवर आडनाव सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. इंदूर, हैदराबाद किंवा बंगळुरूमधल्या क्लार्कला मधलं नाव वडिलांचं आहे हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ. ‘वैशाली’च्या शेवटी आय की डबल ई, ‘ज्योती’मध्ये एच आहे की नाही, हे ज्याने फॉर्म भरला त्याने ठरवलेलं असतं. लग्नानंतर तर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलंही. कायद्याने यातलं काहीच सक्तीचं नाही, हे मात्र लग्नाच्या गडबडीत कुणी सांगत नाही.

दुरुस्ती मुळापासून

चूक लक्षात आली की बहुतेक लोक आधी आधार केंद्राकडे धावतात. इथेच घोळ होतो. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. पत्ता कितीही वेळा बदला. म्हणजे घाईघाईत, समोरच्याने सांगितलं म्हणून एक संधी वापरली आणि नंतर जन्मदाखल्यावर वेगळंच स्पेलिंग निघालं, की हातात एकच उरते. तीही संपली तर युआयडीएआयच्या प्रादेशिक कार्यालयापर्यंत जावं लागतं. त्याची माहिती १९४७ या हेल्पलाइनवर मिळते.

म्हणून सुरुवात मूळ कागदापासून करावी. जन्मदाखला, तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते बरोबर झालं की आधार, मग पॅन, पीएफ, बँक आणि मतदार यादी. पॅनमध्ये दुरुस्ती केली तरी नंबर तोच राहतो, मतदार यादीसाठी फॉर्म ८ असतो. ही कामं तुलनेने सोपी आहेत.

आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हेही लक्षात असू द्या. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारऐवजी शाळेचा दाखला ग्राह्य धरला. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. घरात लहान मूल असेल तर त्याचा दाखला आजच उघडून बघा.

बाळंतपण माहेरी, नोंदही माहेरी

जन्माची नोंद आईवडील राहतात तिथे होत नाही, जन्म झाला तिथे होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे कुटुंब तीस वर्षं बडोद्यात असलं, तरी मुलाची नोंद साताऱ्याच्या नगरपालिकेत किंवा एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीत असू शकते. दुरुस्तीचा अधिकार तिथल्याच निबंधकाला. बडोद्याच्या पालिकेत कितीही खेटे घातले तरी उपयोग नाही.

दुसरी अडचण बारशाची. जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो आणि हॉस्पिटल तो लगेच कळवतं. नाव ठरायला मात्र आपल्याकडे बारावा दिवस उजाडतो, कधी आत्याला सवड नसली तर महिनाही जातो. मग दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते. नाव घालायला एक वर्षापर्यंत शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं.

नोंदीतली चूक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्त होते. निबंधक जुनी नोंद खोडत नाही, तिच्या समासात दुरुस्ती लिहून सही करतो आणि तारीख घालतो. पुरावा म्हणून आईवडिलांची ओळखपत्रं, हॉस्पिटलचा कागद, मुलाचा शाळेचा दाखला, जे जे असेल ते न्यावं. यासाठी राजपत्राची गरज नसते. राजपत्र लागतं ते नाव बदलायला, चूक सुधारायला नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक प्रतिज्ञापत्र, जाहिरात, एजंट यांवर पैसे घालवतात. लग्नानंतरच्या नावासाठीही बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पुरतं.

एक जून

महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्या ज्येष्ठांची मोठी फौज आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, गुरुजींनी वय बसेल असं वर्ष धरून १ जून लिहून टाकायचं. अशा आजोबांची खरी तारीख आता एखाद्या जुन्या वहीत सापडली तर काय करायचं? माझं मत विचाराल तर, सगळ्या कागदांवर १ जूनच असेल आणि पेन्शन सुरू असेल, तर हात लावू नका. अर्धवट दुरुस्ती जास्त त्रास देते.

नोकरीत तर उशीर झाला की दार बंदच होतं. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत जन्मतारीख बदलण्याचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १० मे १९५१ होतं, तर एनडीएच्या अर्जात १० मे १९५०. लष्कराच्या दोन शाखांकडे दोन वेगळी वर्षं नोंदलेली राहिली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि १९५० हेच वर्ष धरून ते त्याच वर्षी निवृत्त झाले. सतरा-अठराव्या वर्षी किंवा त्याहीआधी भरलेला कागद लष्करप्रमुखालाही हलवता आला नाही.

पीएफ आता घरबसल्या

एक गोष्ट खरोखर सोपी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून, ज्यांचा युएएन आधारने पडताळलेला आहे त्यांना नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, जोडीदाराचं नाव, नोकरी लागल्याची आणि सोडल्याची तारीख ऑनलाइन दुरुस्त करता येते. युएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल तर कंपनीकडेही जावं लागत नाही. ही सोय आधारच्या भरवशावर उभी आहे, म्हणजे आधार चुकलेलं असेल तर तीच चूक पीएफमध्ये उतरते. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार नको आणि ऑनलाइन दुरुस्तीचा पाया मात्र आधारच, ही विसंगती आहे खरी. पण आपल्याला आहे त्या व्यवस्थेतूनच वाट काढायची आहे.

हे काम माणूस हयात असताना त्याच्याच मोबाइलवर आलेल्या ओटीपीने होतं. त्याच्या पश्चात बायकोला तेच करायला वारसाचे कागद गोळा करत फिरावं लागतं. तेव्हा रविवारी दोघांनी बसून वारस म्हणून नाव लावलं आहे का आणि ते बायकोच्या आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, एवढं बघून घ्यावं.

अर्ज अडकला तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोचपावती किंवा ऑनलाइन अर्जाचा क्रमांक घ्या, नकार असेल तर कारण लेखी मागा. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवेची मुदत ठरलेली असते आणि ती टळली तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तुम्ही परराज्यात असलात आणि फाइल सातारा-सोलापुरात असली तर माहिती अधिकार आठवा. दहा रुपयांच्या शुल्कात पोस्टाने अर्ज पाठवा आणि त्यात एवढंच विचारा, अमुक तारखेचा माझा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर कोणता शेरा लिहिला आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. उत्तर तयार करायला फाइल कुणाला तरी उघडावीच लागते आणि अनेकदा काम तिथूनच पुढे सरकतं.