बंद पडलेली ऑटोमॅटिक मोटार

साध्या मोटारीचें इंजिन बंद पडलें, तर चालक क्लच दाबून दांडा मधोमध आणतो, दोघे जण मागून हात लावतात आणि गाडी कडेला जाते. गिअर आपोआप बदलणाऱ्या मोटारीची गोष्ट निराळी. बॅटरी संपून ती अरुंद गल्लींत किंवा रेल्वेच्या फाटकांत अडली, म्हणजे चार माणसांच्या जोरालाहि दाद देत नाहीं. हा बिघाड नव्हे. ही सुरक्षिततेची योजना होय.

दांडा 'पी'वर नेला कीं गिअरबॉक्समधील एक पोलादी खीळ दांतेरी चक्राच्या खांचेंत बसते व चाकांकडे जाणारा दंड जखडला जातो. अमेरिकेंत १९३९ सालीं जनरल मोटर्सनें ओल्ड्समोबाइल गाडींत 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला, तेव्हां त्यांत 'पी' नव्हतें. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सवर ठेवीत. पुढें 'पी'ची जागा आली आणि कालांतरानें आणखी एक कडी आली : ब्रेक दाबल्यावांचून दांडा 'पी'वरून निघत नाहीं. ही कडी विजेच्या चुंबकानें सुटते. वीज संपली कीं कडी लागलेलीच राहते.

यासाठीं पुष्कळ गाड्यांत दांड्याशेजारीं एक लहानसें झांकण असतें. प्रथम हँडब्रेक ओढावा व उतार असल्यास चाकांना दगड लावावे. किल्ली फिरवून स्टीअरिंगचें कुलूप सोडवावें. झांकण स्क्रूड्रायव्हरच्या टोंकानें उचलावें, ब्रेकवर पाय ठेवावा, आंतील कळ दाबून धरावी आणि दांडा 'एन'वर न्यावा. ढकलणारे सज्ज झाल्यावरच दगड काढावे व हँडब्रेक सोडावा. कारण न्यूट्रलमध्यें गाडीला थोपविणारें दुसरें कांहीं उरत नाहीं. इंजिन बंद असल्यामुळें स्टीअरिंग जड होतें आणि दोन-तीन वेळां दाबल्यावर ब्रेकहि कठीण लागतो.

ज्या गाड्यांत गिअर केवळ विजेच्या आज्ञेनें बदलतो, त्यांत बहुधा दुसऱ्या बॅटरीची वीज जोडावी लागते. अन्य सोय असल्यास ती गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेली असते. गिअरबॉक्समधील तेल खेळविणारा पंप इंजिनावर चालतो. म्हणून गाडी कडेपर्यंत ढकलणें ठीक, परंतु दूर ओढून न्यावयाची तर इंजिनाची गति ज्यांना मिळते तीं चाकें उचलूनच न्यावी.

रेल्वेच्या रुळांवर मात्र हा क्रम उलटा. तेथें आधीं सर्व माणसांनीं बाहेर पडावें. आगगाडी येत असेल तर कळ शोधीत बसूं नये. रुळांपासून दूर, परंतु आगगाडीच्याच दिशेनें तिरकें पळावें. टकरीनें उडणारे तुकडे तिच्या पुढच्या बाजूस फेंकले जातात. मोटार पुन्हां मिळते.

त्या झांकणाची जागा घरच्या अंगणांत, दिवसाउजेडीं एकदां पाहून ठेवावी. काळोखांत, मागें भोंगे वाजत असतां, बोटांना आधींच ठाऊक असलेली जागाच सांपडते.