भिंतीतून जाणारा गॅसचा पाइप

पनवेलजवळच्या कोन इथल्या गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१६ साली निघाली. अशा सोडतीत मिळालेल्या नव्या घरात ओटा आणि टाइल्स झाल्या की गॅसचा पाइप डोळ्यांना खुपतो आणि मिस्त्रीला सांगितलं जातं, ‘झिरी मारून आत घ्या.’ कृपा करून तसं करू नका.

कोकणच्या पावसात भिंती ओल धरतात आणि ओलसर प्लास्टरमध्ये लोखंडी पाइप गंजतो. आतली गळती दिसत नाही, गॅस पोकळीत साचत राहतो. हवेत या गॅसमधल्या मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की एक ठिणगी पुरते.

पाइप भिंतीपलीकडे न्यायचाच असेल, तर तो सरळ आरपार, स्लीव्हमधून न्यावा. स्लीव्ह म्हणजे पाइपभोवतीची थोडी मोठी नळी. भिंत किंचित हलली तरी पाइपवर ताण येत नाही. जोड मात्र भिंतीच्या आत कधीच नको.

पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून वर चढतो. सिलिंडरमधला जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन करा.