क्रॉफर्ड मार्केट: कमानीवरचे शेतकरी आणि खालचा बाजार

आपल्या शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या बाजारात पावसाळ्यात डोंगरकपारीतल्या वाड्यांवरून बायका बुट्ट्या घेऊन येतात. कुर्डू, भारंगी, करटुली, कधी थोडी नाचणी. खाली पोतं, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि समोर जुडी उचलून भाव विचारणारं गिऱ्हाईक. सर आली की आधी भाजी झाकायची, मग स्वतःला. मंडईची इमारत कशासाठी लागते, हे त्या एका हालचालीत कळतं. विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर हवं, पायाखाली पाणी साठू नये आणि वारा खेळता हवा. बाकी सगळं त्यानंतर.

हे एवढं करायला मुंबईसारख्या शहराने दीडशे वर्षांपूर्वी काय उभारलं आणि अलीकडे ते कसं सावरलं, याची ही हकिकत. शाहूवाडी तालुक्यात क्वचितच असं घर असेल, ज्याचं कुणी मुंबईला नाही. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केट हे नाव आपल्याकडे परकं नाही.

तट पडला आणि जागा झाली

१८६० नंतरच्या काही वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाचे तट पाडले गेले. कोट आणि देशी वस्ती यांच्यामधली जागा मोकळी झाली. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. मांस, मासळी, भाजी, फळं गल्लीबोळांत विकली जात, घाण तिथेच कुजे. साथीच्या रोगांनी गांजलेल्या शहरात हा आरोग्याचा प्रश्न होता. त्यावर उत्तर म्हणून मोठी, हवेशीर, धुता येईल अशी मंडई बांधायचं ठरलं. विल्यम इमर्सन या तरुण वास्तुविशारदाने आराखडा केला आणि १८६९ मध्ये इमारत पुरी झाली. कोलकात्याचा व्हिक्टोरिया मेमोरियल पुढे याच इमर्सन यांनी रचला.

इमारत काम कसं करते

भिंती कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या, सजावटीला वसईचा तांबूस दगड. फरशी मात्र थेट स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणलेली. एवढ्या लांबून दगड आणणं हौसेचं वाटेल, पण ही फरशी चिवट असते आणि रोजच्या धुण्याने झिजत नाही. कोपऱ्यावर १२८ फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा. त्याच्या एका बाजूला फळाफुलांसाठी सुमारे १५० फूट लांबीचा भाग, दुसऱ्या बाजूला भाजी-मसाल्यासाठी सुमारे ३५० फुटांचा.

खरी करामत छपरात आहे. लोखंडी कैच्यांवर पेललेलं उंच छप्पर असल्यामुळे मध्ये भिंतींची अडचण नाही. माणसांची आणि मालाची ऊब वर चढते आणि वरूनच बाहेर पडते, त्यामुळे खाली बसलेल्याला गुदमरत नाही. उजेड वरून येतो, पण ऊन थेट भाजीवर पडत नाही. पालेभाजी दुपारपर्यंत टिकायला एवढं पुरेसं असतं. आज कितीतरी नव्या काँक्रीटच्या मंडया भर दुपारी दिवे लावून चालतात, तेव्हा या जुन्या शहाणपणाची किंमत कळते.

दिव्यांचाही एक किस्सा आहे. १८८२ मध्ये इथे विजेचे दिवे लागले. देशात विजेने उजळलेल्या पहिल्या इमारतींत या मंडईचं नाव घेतलं जातं. पुढे दिवे पुरवणारी कंपनी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली.

दारावरचे शेतकरी

प्रवेशाच्या कमानींवर दगडात कोरलेली शिल्पपट्टी आहे. ती जे. जे. कलाशाळेतले शिक्षक लॉकवूड किपलिंग यांची. ‘जंगल बुक’ लिहिणारे रुडयार्ड हे त्यांचे चिरंजीव. त्या पट्टीत राजे नाहीत, देव नाहीत. शेतात राबणारी, माल वाहणारी माणसं आहेत. वसाहतीच्या सरकारी इमारतीवर कष्टकऱ्यांना अशी दाराच्या वरची जागा मिळावी, हे मला आजही मोठं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव देण्यात आलं. पुण्याची मंडईही त्यांच्याच नावाची. ती १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झाली आणि आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिचं नाव बदललं. पण जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा त्या मंडईवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. लोकांचा पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांचं म्हणणं. म्हणून नाव चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाचं नाव मंडईला शोभतंच. मात्र खर्च कुणासाठी होतोय हा त्यांचा प्रश्न, मंडईची वीट हलवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

पाडायची की सावरायची

मार्च १९९६ मध्ये फळांचा घाऊक बाजार नवी मुंबईला गेला. मूळ इमारत गळत होती, मागच्या आवारात जोडकामं आणि गाळे दाटले होते. २००७ च्या सुमारास खासगी विकासकाकडून आवाराचा पुनर्विकास करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याला नागरिकांनी आणि वारसाप्रेमींनी कडाडून विरोध केला. अखेर महापालिकेने काम स्वतःकडे घेतलं आणि संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली आधी मूळ इमारत दुरुस्त करून घेतली. मागच्या आवारातलं नवं बांधकाम पुढच्या टप्प्यांत ठेवलं.

अशा दुरुस्तीत सगळ्यात मोठा शत्रू सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, आणि चुना ओल शोषतो व बाहेर सोडतो. सांध्यांत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते, मग वाट काढताना दगडाचाच पापुद्रा सुटतो. म्हणून आधी सिमेंट अलगद खरवडून काढायचं आणि पुन्हा चुना भरायचा. आपल्याकडे जुने गवंडी घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालत. गूळ कोल्हापूरचा, हिरडा आंबा घाटाच्या रानातला. ज्या वस्तू आपण बाजारात विकतो, त्यांनीच वाडे आणि देवळं उभी राहिली. लोखंडाचं कामही तसंच नाजूक. वर्षानुवर्षांचे रंगाचे थर उतरवल्याशिवाय गंज कुठवर गेलाय ते दिसत नाही.

दगड सावरला, बाजाराचं काय?

दगडाचं काम नेटाने केलं तर होतं. अवघड असतं ते गाळेधारकांचं. दुरुस्तीसाठी विक्रेत्याला एका वर्षासाठी जरी हलवलं, तरी बांधलेलं गिऱ्हाईक तुटतं. मुंबईने काम टप्प्याटप्प्याने घेतलं, एकदम सगळा बाजार उठवला नाही, हे मला योग्य वाटतं. वेळ लागतो, कुरकुर होते, पण मंडई चालू राहते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, तेव्हा इमारतीपेक्षा व्यापार टिकण्याकडे लक्ष दिलं, म्हणून त्या पेठेचं नाव मोठं झालं. मलकापूरही बाजाराच्या जोरावरच वाढलं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचं ठाणं इथे आलं, आणि घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटेवरचं हे गाव पंचक्रोशीचं बाजाराचं ठिकाण झालं. आपल्या गावात बाजारासाठी काहीही बांधायचं ठरेल, तेव्हा नकाशा मंजूर होण्याआधी बुट्टी घेऊन येणाऱ्या बायकांना विचारा, पाऊस कुठून मारतो आणि पाणी कुठे तुंबतं. आणि मुंबईला गेलात, तर क्रॉफर्ड मार्केटच्या दारात क्षणभर थांबून मान वर करा. वर कोरलेली माणसं आपलीच आहेत.