मृताच्या मिळकतीचे कागद

मनुष्याच्या मागे जे उरते, म्हणजे घर, शेत, दागदागिने, कोणाकडून येणे आणि कोणाचे देणे, त्याची व्यवस्था कोणाला तरी लावावीच लागते. आणि ती व्यवस्था सरकारदरबारी मान्य व्हावयाची असेल, तर कोठे ना कोठे कागद झाल्यावाचून राहत नाही. आपल्या पणज्यांच्या मागेही असे कागद झालेले असतात. परंतु ते कोणत्या कचेरीत झाले याची माहिती घरात टिकत नाही, आणि जिल्हा न्यायालयात एकदा चौकशी करून रिकाम्या हाताने परतलेला वंशज ‘काही शिल्लक नाही’ असे धरून चालतो. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. मृताच्या मिळकतीचे सर्व कागद एकाच दफ्तरात ठेवावेत अशी पद्धत आपल्याकडे कधीही नव्हती. मृत व्यक्ती कोठे राहत होती, मिळकत स्थावर होती की जंगम, आणि वारसाच्या हक्काला कोणी हरकत घेतली की नाही, या तीन गोष्टींवर कागदाचा मुक्काम ठरत असे आणि आजही ठरतो.

याचे महाराष्ट्राला सुपरिचित असलेले उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबामहाराज हे ७ ऑगस्ट १८९७ रोजी निवर्तले, आणि त्यांनी मृत्युपत्रान्वये आपल्या इस्टेटीची व्यवस्था ज्या विश्वासू गृहस्थांकडे सोपविली त्यांत लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे हे होते. त्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याबद्दल न्यायालयाने शिक्कामोर्तब करून व्यवस्थापकास दिलेला अधिकार, पुण्याच्या जिल्हा न्यायालयातून घेण्यात आले. पुढे १९०१ साली औरंगाबादेस, म्हणजे त्या काळच्या निजामाच्या मुलखात, दत्तविधान झाले. विधवा ताईमहाराजांनी त्यानंतर दुसरा दत्तक मान्य करून टिळकप्रभृतींचे प्रोबेट रद्द व्हावे असा अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये ते रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी खटलाही उभा राहिला, ज्यातून उच्च न्यायालयाने १९०४ साली त्यांना मुक्त केले. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र पुण्याहून मुंबईस आणि मुंबईहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकालात निघाला. टिळकचरित्राचे वाचक या प्रकरणाकडे लोकमान्यांच्या सत्त्वपरीक्षेचा प्रसंग म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण कागदांचा शोध घेणाऱ्याने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. एकाच घराण्याच्या एकाच मृत्युपत्राने मूळ अर्ज, रद्दबातलीचा अर्ज, फौजदारी खटला, दिवाणी दावा आणि अपिले अशी पाच प्रकारची दफ्तरे निर्माण केली, आणि यांतील प्रत्येकात कुटुंबाची जी हकीकत नोंदली गेली ती दुसऱ्यात जशीच्या तशी नाही. जेथे भांडण झाले तेथे कागद विपुल झाले. ज्या घरात सर्व काही सलोख्याने पार पडले, तेथील वंशजाला कदाचित एका ओळीच्या फेरफारावर समाधान मानावे लागेल.

बाबामहाराज पुण्याचे होते म्हणून त्यांचे प्रोबेट जिल्हा न्यायालयात झाले. ते मुंबईत गिरगावात राहत असते तर कागद उच्च न्यायालयात गेले असते. हा भेद नीट समजून घ्यावा. १ सप्टेंबर १८७० पासून मुंबई शहराच्या हद्दीत हिंदूंनी केलेल्या, किंवा त्या हद्दीतील स्थावराविषयी अन्यत्र केलेल्या, मृत्युपत्रांना त्या वर्षीच्या कायद्याने नवे बंधन घातले, आणि तीच तरतूद पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात उतरली. त्यामुळे शहरातील घरमालकाच्या मृत्युपत्रावर न्यायालयात हक्क सांगावयाचा तर प्रोबेट घेणे दीर्घकाळपर्यंत अनिवार्य राहिले. मुंबईबाहेर तशी सक्ती नव्हती. म्हणून परळच्या जुन्या कुटुंबाच्या बाबतीत उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात, जो प्रोथोनोटरीच्या अखत्यारीत चालतो, काही सापडण्याचा संभव बराच असतो, तर साताऱ्याच्या किंवा जळगावच्या कुटुंबात मृत्युपत्र असूनही प्रोबेट झालेले नसण्याचाच संभव अधिक. जिल्हा न्यायाधीशास अधिकार पोहोचतो तो मृत व्यक्तीचे कायम वास्तव्य किंवा तिची काही मिळकत त्या जिल्ह्यात असल्यास. म्हणजे रत्नागिरीचा मनुष्य सोलापुरात नोकरी करीत असता वारला, तर दोन्ही ठिकाणी चौकशी करणे प्राप्त आहे. शिवाय मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही अर्ज दाखल होऊ शकतो, हे ध्यानात ठेवून मृत्यूच्या सालापासून पुढची वर्षे क्रमाने पाहावीत.

मृत्युपत्रच नसेल तर? अशा वेळी बँकेतील रक्कम, रोखे आणि येणी यांच्यापुरता उत्तराधिकाराचा दाखला न्यायालय देते, आणि त्याच्या अर्जात सर्व जवळच्या नातलगांची नावे व वास्तव्य द्यावे लागते. याखेरीज आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात १८२७ चे आठवे रेग्युलेशन आहे, ज्याखाली न्यायालय जाहीरनामा काढून हरकती मागविते आणि हरकत न आल्यास अर्जदारास वारस म्हणून मान्यता देते. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील हे रेग्युलेशन जवळजवळ दोनशे वर्षे आपले काम करीत आले आहे, आणि सामान्य घरांचे वारस दाखले त्याच्याच आधारे निघाले आहेत.

न्यायालयाखेरीज दुसरे मोठे दालन म्हणजे दुय्यम निबंधकाचे कार्यालय. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक ठेवली आहे. परंतु जी नोंदविली जातात ती तिसऱ्या पुस्तकात उतरतात आणि त्यांची सूचीही तिसरीच असते. खरेदीखते आणि गहाणखते शोधण्याची ज्यांना सवय आहे ते पहिले पुस्तक व दुसरी सूची चाळून थांबतात, आणि मृत्युपत्र नाही असे मानतात. ते तेथे असणारच नाही. तिसऱ्या पुस्तकात मृत्युपत्रांबरोबर दत्तक घेण्याचे अधिकारपत्रही नोंदले जाते, म्हणून ज्या घराण्यात विधवेच्या मांडीवर दत्तक बसला, त्या घराण्यातील वंशजाने हे पुस्तक अवश्य पाहावे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कोणास मिळत नाही. त्याच्या निधनानंतर मात्र मागेल त्याला ती देण्याची कायद्याची आज्ञा आहे, आणि ही आज्ञा पुष्कळांना ठाऊक नसते. मोहोरबंद लिफाफ्यात ठेवलेली मृत्युपत्रे जिल्हा निबंधकाकडे असतात, आणि मृत्यूनंतर अर्ज आल्यावर तो लिफाफा अर्जदारासमक्ष उघडून त्यातील मजकूर तिसऱ्या पुस्तकात उतरविला जातो. महात्मा फुल्यांनी १८८७ साली आपले मृत्युपत्र केले, आणि दत्तक पुत्र यशवंत याच्या हक्काची व्यवस्था त्यात लावली. त्यांच्या समग्र वाङ्मयात ते छापलेले असल्यामुळे मृत्युपत्र म्हणजे केवळ मालमत्तेची यादी नव्हे, तर एखाद्या माणसाच्या श्रद्धांचा दस्तऐवजही असू शकतो, हे कोणालाही पडताळून पाहता येते.

शेतकऱ्याच्या घरी मात्र न्यायालय आणि निबंधक हे दोन्ही गौण. खरा आधार तलाठ्याच्या दफ्तराचा. कब्जेदार वारला म्हणजे वारसा प्रकरणांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते, चौकशीअंती फेरफार नमुना सहा मध्ये उतरतो आणि मग सात-बारावर नवी नावे चढतात. शहरातील जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका पाहावी लागते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची ही पद्धत १९०३ च्या कायद्यापासून सुरू झाली असल्यामुळे, चिकाटीने मागे गेल्यास चार पिढ्यांची वंशावळ फेरफारांतूनच जुळविता येते. यांतील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे स्त्रियांची नावे. कुळवृत्तान्तांत ज्या मुलींचा उल्लेख ‘दोन कन्या’ एवढाच येतो, त्यांची नावे सासरच्या आडनावासह वारस नोंदीत, कधी ‘इतर हक्क’ या रकान्यात, तर कधी हक्कसोडपत्राच्या निमित्ताने, स्पष्ट लिहिलेली आढळतात. ज्यांनी आपला हिस्सा भावांसाठी सोडला त्या बहिणींचा घराण्याच्या इतिहासातील लेखी पुरावा पुष्कळदा एवढाच असतो. आपले घराणे म्हणजे केवळ पुरुषांची साखळी नव्हे हे ज्याला मनापासून वाटते, त्याने कुळवृत्तान्ताइतक्याच आदराने हा नमुना वाचावा. वतनदार आणि इनामदार घराण्यांच्या कैफियती व वंशावळी इनाम कमिशनपुढे, म्हणजे १८५२ च्या कायद्यानंतर, दाखल झाल्या, आणि त्या काळच्या कागदांसाठी पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळावे लागते. त्या कागदांची लिपी मोडी आहे. ती शिकण्यास काही आठवडे खर्च करण्याची तयारी असावी, कारण भाषांतरकाराच्या हातून नावांचे अपभ्रंश होतात. मराठवाड्यात जुनी महसुली कागदपत्रे उर्दूतही आहेत.

त्याही मागे जावयाचे असेल तर मुंबईचे मेयर्स कोर्ट आहे. १७२६ च्या सनदेने स्थापन झालेल्या या न्यायालयास मृत्युपत्रांचा अधिकार होता. पुढे रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ पासून सर्वोच्च न्यायालय आणि १८६२ पासून उच्च न्यायालय असा तो वारसा चालत आला. या जुन्या कोर्टांच्या कागदांसाठी महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराकडे जावे. युरोपीय रहिवाशांच्या मृत्युपत्रांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत.

गोव्याची रीत निराळी. तेथे पोर्तुगीज दिवाणी संहितेने मुलांसाठी इस्टेटीचा अर्धा भाग राखून ठेवला, पतिपत्नीच्या समाईक मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा हक्क मानला, आणि वाटणीसाठी न्यायालयीन ‘इन्व्हेंटरी’ची पद्धत घालून दिली, जी २०१२ च्या गोवा विधिमंडळाच्या कायद्यातही कायम आहे. मृत्युपत्र नोटरीच्या वहीत लिहिले जाते. जुने कागद पोर्तुगीजमध्ये असून पणजीच्या पुराभिलेखागारातही पाहावेत. मुंबईत स्थायिक होऊन येथेच वारलेल्या गोमंतकीयाच्या नावे दोन्हीकडे दफ्तर असण्याचा संभव असतो.

शोध सुरू करताना हाती निदान मृत्यूचे साल, राहण्याचा पत्ता आणि पूर्ण नाव असावे. नाव मराठीत एकच असले तरी जुन्या इंग्रजी सूच्यांत स्पेलिंग चार प्रकारे सापडते, आणि मांडणी कधी आडनावाप्रमाणे तर कधी पहिल्या नावाप्रमाणे असते. म्हणून दोन्ही पाहावे. मुदत संपलेली न्यायालयीन दफ्तरे १९१७ च्या कायद्याखाली नष्टही केली जातात. परंतु ज्या मृत्युपत्राचे प्रोबेट झाले त्याची मूळ प्रत न्यायालयाने जतन करावी अशी १९२५ च्या अधिनियमातच तरतूद आहे. नकलेचा अर्ज करताना, त्या दाव्याशी आपला संबंध काय हे प्रतिज्ञापत्रात लिहून, केवळ मृत्युपत्राची नक्कल न मागता त्या प्रकरणातील मूळ अर्ज, नातलगांची यादी, हरकतीची निवेदने, सहा महिन्यांत दाखल करावयाची मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत द्यावयाचा हिशेब यांचीही मागणी करावी. कारण घरात कोणती भांडी होती, दुकानात किती माल होता, कोणा विधवेचे किती देणे राहिले होते आणि अखेरच्या आजारावर किती खर्च झाला, हे मृत्युपत्रात नसते, त्या हिशेबात असते.