क्रांतीची कारणे आणि फलिते

दारिद्र्य आणि जुलूम यांमुळे क्रांती होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निराधार नाही. परंतु अपुरी आहे. दारिद्र्य व जुलूम शतकानुशतके नांदत आले; क्रांत्या मात्र क्वचितच घडल्या. म्हणून प्रजा का संतापली, याबरोबरच तिला दडपणारी सत्ता नेमकी त्याच वेळी दुर्बळ का झाली, हेही पाहिले पाहिजे. फ्रान्स व रशिया या देशांतील क्रांत्यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

फ्रान्सचा राजकोश युद्धांनी रिता झाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात केलेल्या साहाय्याने कर्जाचा बोजा अधिकच वाढला. सरदार व धर्मगुरू बहुतेक करांतून मुक्त होते. अखेर सोळाव्या लुईला मे १७८९ मध्ये तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती. आदल्या वर्षी पीक बुडाल्याने पाव महागला होता. १४ जुलै रोजी पॅरिसमध्ये बास्तीय पडली आणि खेडोपाडी शेतकऱ्यांनी सरंजामी देण्यांची दप्तरे जाळली.

रशियात भूदासांची मुक्तता १८६१ मध्ये झाली. परंतु मिळालेल्या जमिनीची किंमत शेतकरी पुढे कित्येक दशके हप्त्यांनी फेडत राहिले. १९१४ च्या महायुद्धाने राज्ययंत्रणा खिळखिळी केली. मार्च १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. त्यांना दडपण्यासाठी आणलेले सैनिकच लोकांना मिळाले आणि झारची सत्ता आठवड्याभरात कोसळली. हंगामी सरकारने युद्ध चालू ठेवले व जमिनीचा प्रश्न लांबणीवर टाकला. नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूमनामा काढला.

दोन्ही देशांत राजसत्ता गेली, रक्तपात झाला आणि जुन्या सत्तेहून अधिक बलाढ्य अशी नवी राज्यसंस्था उभी राहिली. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र भिन्न फळे आली. फ्रान्समध्ये १७९३ साली सरंजामी देणी मोबदल्याशिवाय रद्द झाली. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने खाजगी मालमत्तेला कायद्याचे संरक्षण दिले. त्यामुळे १८१४ मध्ये परतलेल्या बूर्बाँ राजालाही ही व्यवस्था उलटविता आली नाही. रशियन हुकूमनाम्याने जमिनीची खाजगी मालकीच नष्ट केली होती. शेतकऱ्याला मिळाला तो केवळ कसण्याचा हक्क. लोकांनी निवडलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एका बैठकीनंतर बरखास्त करण्यात आली. त्यामुळे १९२९ नंतर सामुदायिकीकरणाची सक्ती झाली, तेव्हा दाद मागण्यास जागाच उरली नव्हती. १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मरण पावली.

तात्पर्य, सत्ता कोणी घेतली, एवढ्यावरून क्रांतीचे मूल्यमापन होत नाही. लोकांना जे मिळाले, ते राखण्याचे साधनही त्यांच्या हाती आले काय, हे पाहणे अगत्याचे आहे.